मानेतल्या टाचण्या

मला डोकं नाही. तरी बोलतो आहे, आणि त्यात तुम्हाला नवल वाटायचं कारण नाही. बिनडोक बोलणं तुम्ही रोज ऐकता आणि वर मानही डोलावता.

मी शिवणकामाचा पुतळा. मान आहे, पण तिच्यावर काही नाही. खांदे आहेत, पण त्यांना हात फुटलेले नाहीत. कमरेखाली लाकडी दांडा आणि तीन पायांचं तिकाटणं. बांधा बाईचा, पण माझा पहिला मालक, एक शिंपी, मला ‘गडी’ म्हणायचा, म्हणून मी स्वतःला पुरुष समजत आलो.

कागदाचा लगदा, त्यावर कापूस आणि त्यावर जाडंभरडं कापड, एवढ्या भांडवलावर मी जगात आलो. शिंप्याच्या दुकानात माझं बरं चाललं होतं. नवऱ्या मुलींचे झगे, अधिकाऱ्यांच्या बायकांचे कोट, सगळं आधी माझ्या अंगावर चढलं. शिंपी तापट. गिऱ्हाइकाने मापात खोट काढली, की तो तोंडातल्या टाचण्या काढून माझ्या मानेत खुपसायचा. गिऱ्हाइकाच्या मानेत खुपसता येत नाहीत, एवढा व्यवहार त्याला कळत होता. त्यामुळे टाचणी रागाने टोचली आहे की नुसत्या सवयीने, हे मला अचूक समजतं. माझ्या अंगी विद्या म्हणाल तर एवढीच.

मग लोक तयार कपडे घेऊ लागले. शिंप्याचे डोळेही गेले. दुकान मोडलं तेव्हा एक बाई आली, माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, “हा चालेल.” आणि मी या घरात आलो.

घर चौघांचं. बाई म्हणजे आई. वडील दातांच्या डॉक्टरकडे कवळ्या घडवायचे. कमी बोलायचे. त्यांची बहीण, म्हणजे मुलींची आत्या, म्हणायची, “दादा लोकांच्या तोंडात दात बसवतो आणि स्वतःचं तोंड मिटून घेतो.” दोन मुली: थोरली आणि धाकटी. थोरली शाळेत फार प्रश्न विचारायची आणि त्याबद्दल वर्गाबाहेर उभी राहायची. एक दिवस आई म्हणाली, “बाहेर उभं राहून शिकायचं, तर घरात बसून शिकलेलं काय वाईट?” आणि मुलींची शाळा शिवणाच्या खोलीत भरू लागली.

गणित-भाषा सगळीकडे असतात तशाच. इतिहास मात्र आई शिवून शिकवायची. जुने पडदे, विटलेल्या चादरी, वडिलांच्या फाटक्या विजारी यांतून राणी, शिपाई, लोहार, वैदू असे लोक उभे राहायचे. चेन चालायची नाही, इलॅस्टिक चालायचं नाही. त्या काळी नव्हतं ते अंगावर नको. आत्या एकदा म्हणाली, “अगं, पोरींना इतिहास कळला म्हणजे झालं. शिपायाच्या विजारीला आतून अस्तर कोण बघणार आहे?”

“शिपाई बघणार आहे,” आई म्हणाली.

मोठ्या माणसांचे कपडे आई स्वतः घालायची, म्हणून तिने मला आपल्या मापाचा करून घेतला. जुने मोजे, फाटके गंजीफ्रॉक, मुलींची लहानपणची झबली असं काय काय माझ्यात भरून वरून नवं कापड शिवलं. उजवा खांदा जरा उतरता होता तिचा. तोही तसाच केला. काम संपवून ती मागे सरकली आणि म्हणाली, “अरे देवा, मी एवढी जाड आहे?” तेव्हापासून मी ती आहे, निदान मानेपर्यंत.

धड्याचा नियम एकच होता, पण कडक. ज्याच्या अंगात कपडा, त्याने त्या माणसासारखं बोलायचं. आणि त्या माणसाला पुढचं काही माहीत नाही.

“लढाईच्या आदल्या दिवशीचा शिपाई आहेस तू,” आई सांगायची. “उद्या मरणार हे तुला कुठे माहीत आहे? तुझे जोडे चावताहेत, एवढंच माहीत आहे. रडवेलं तोंड कसलं करतेस? नापास.”

बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. धाकटीने एकदा राणीला मिठाचा भाव विचारला. राणी झालेल्या आईला तो खरोखरच माहीत नव्हता. वडिलांनी दारातून सांगितला. राणीने त्यांना दरबारात बोलल्याबद्दल हद्दपार केलं आणि ते निमूट स्वयंपाकघरात गेले.

थोरली वाढत गेली आणि खिडकीतून बाहेर बघू लागली. दप्तरं घेऊन मुली घोळक्याने जायच्या. एका सकाळी आई माझ्या अंगावर नावाड्याचा डगला बेतत होती. थोरलीसाठीच होता, वाढत्या अंगाचा. आईच्या तोंडात टाचण्या होत्या. थोरली म्हणाली, “मी नाही घालणार हे.”

आई म्हणाली, “हं?”

“सगळ्या मुली शाळेत जातात आणि मी पडदे गुंडाळून मेलेल्या माणसांची नक्कल करते. तू नसतीस ना, तर मी चारचौघींसारखी असते.”

धाकटी फरशीवर खडूने नावाड्याची नाव काढत होती, ती तिने तशीच अर्धी सोडली. आई नुसतं “हं” म्हणाली. तोंडात टाचण्या धरून माणूस दुसरं काय म्हणणार? मग तिने एकेक टाचणी काढून माझ्या मानेत टोचली, डगला हातात घेऊन गळा पाहिला, पुटपुटली, “हुक संपलेत,” आणि पिशवी घेऊन बाहेर पडली.

ती रस्त्यात कोसळली. दुकानापर्यंतही पोचली नव्हती. दवाखान्यात तिच्या अंगातला निळ्या चौकड्यांचा झगा कात्रीने कापून काढला, कारण तिथे टाके उसवत बसायला कुणाला वेळ नसतो. घरी परत आली ती फक्त पिशवी.

त्यानंतर त्या घरात भूत होतं. ते भूत मी होतो.

हौस म्हणून नव्हे. मी जिथे होतो तिथेच उभा होतो, पाठ दाराकडे. पण वडील कामावरून येत, दारासमोरून जाताना थबकत, आणि तोंडातून निघून जाई, “आलो गं.” मग ते खोकत. खोकण्यासारखं काही नसे. आत्या तर खोलीत पाऊलच टाकेना. म्हणाली, “दादा, ते धड आधी काढ इथून. पाठमोरं दिसलं की माझ्या काळजात धस्स होतं.”

“असू दे.”

“वहिनीचा खांदा आहे रे तो. उतरता. मला बघवत नाही.”

“म्हणूनच असू दे,” वडील म्हणाले.

मलाही स्वस्थता नव्हती. मी कापसाचा प्राणी. पण आत तिच्या हाताने ठासलेलं सगळं हवेतल्या ओलीबरोबर फुगायचं, बसायचं. श्वास घ्यावा तसं. मी घेत नव्हतो, हे शपथेवर सांगतो. मानेत त्या टाचण्या तशाच होत्या. कुणी काढल्या नाहीत.

आणि थोरली. ती फारसं खात नव्हती, बोलत नव्हती, खिडकीकडे बघतही नव्हती. माझ्यासमोर बसायची. तिचं एकच होतं: ते वाक्य ऐकून आई रागाने गेली का? मला उत्तर माहीत होतं. त्या टाचण्या माझ्याच मानेत होत्या. ओळीने, हलक्या हाताने, सवयीने टोचलेल्या. एकीतही राग नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सांगण्यासारखं काही होतं आणि सांगायला तोंड नव्हतं.

मग तिने निळ्या चौकड्यांचं उरलेलं कापड काढलं. तोच झगा तिला पुन्हा शिवायचा होता. तंतोतंत. आईने बेतताना चुकून उजवा खिसा खाली लावला होता; तिने तोही खालीच लावला. काखेत आईने दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने मारलेले घाईचे टाके होते. तिने तेही घाईने मारता यावेत म्हणून भराभर सुई चालवली आणि बोट टोचून घेतलं. चूकसुद्धा चुकू नये म्हणून इतकी जपणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. झगा तयार झाला तो तिने माझ्यावर चढवला, आणि बहिणीला हाक मारली. “आज इतिहासाचा धडा आहे.”

धाकटी आली. वडील दारात येऊन उभे राहिले. त्यांनी मला पाहिलं आणि चौकट धरली.

“तू विचार,” थोरली म्हणाली.

“कुणाला?”

“आईला.”

धाकटीने माझ्याभोवती एक फेरी मारली. माझ्या आतलं कापड बसल्याचा आवाज झाला, तो सगळ्यांनी ऐकला.

“ताई, हे चालत नाही,” धाकटी शेवटी म्हणाली. “कपडा माणसाने घालायचा असतो. आई नापास करेल.”

थोरली उठली. झगा माझ्या अंगातून काढला आणि स्वतःच्या अंगात घातला. तो तिला बसला. ती कधी एवढी वाढली, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ती खुर्चीवर बसली आणि खिसा चाचपला, आई चाचपायची तसा, आधी वर आणि मग खाली.

धाकटीने विचारलं, “तुम्ही कोण?”

“मी या मुलींची आई.”

“कुठे निघालात?”

“हुक आणायला. डगल्याचा गळा मिटत नाही.”

“ताई तुम्हाला काहीतरी बोलली. तुम्ही उत्तर का नाही दिलं?”

थोरलीचा ओठ थरथरला. धाकटी हळूच म्हणाली, “तुम्हाला पुढचं माहीत नाही हं. रडवेलं तोंड करायचं नाही.”

थोरलीने डोळे मिटले. पुन्हा बोलली तेव्हा आवाज तिचाच होता, पण बोलण्याची ढब तिची नव्हती.

“तोंडात टाचण्या होत्या ना, म्हणून. गिळल्या असत्या तर? येते मी हुक घेऊन, मग बघते तिच्याकडे. चांगली भांडणार आहे. घाई काय आहे?”

मग वडिलांनी हात वर केला. वर्गात मूल करतं तसा.

“मला... मला काही सांगायचंय का तुला?”

“अहो, दूध तापत ठेवलंय. नेहमीसारखं उतू घालवू नका.”

वडील हसले, आणि हसता हसता दारातच खाली बसले. थोरली मग खूप रडली. पण तोवर झगा अंगातून काढला होता, त्यामुळे नापास झाली नाही.

ते उत्तर खरंच तिचं होतं की तिच्या तोंडून दुसरं कुणी बोललं, हे मला विचारू नका. मला जे सांगता येत नव्हतं तेच ती बोलली, एवढंच मी पाहिलं. नंतर तिने माझ्या मानेतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. भोकं राहिली आहेत. त्यांतून वारा शिरतो तेव्हा बारीक “हं” असं ऐकू येतं.

आता ती शाळेत जाते. पुन्हा वर्गाबाहेर उभी असते म्हणे. झगा कपाटात आहे. मी मात्र त्याच मापाचा आहे, तोच उतरता खांदा. वडील अजून दारात “आलो गं” म्हणतात; खोकणं सोडलं आहे. मला तोंड नाही तेच बरं. एखाद्या संध्याकाळी “आलात?” निघून गेलं, तर घरात कोण राहील?

माझी विनंती एवढीच, की मला उघडा ठेवू नका. उघडा असलो की मी फक्त ती असतो, आणि ते मला झेपत नाही. माझ्या अंगावर कुणा परक्याचं काही चढवत राहा, राणीचं, लोहाराचं, कुणाचंही.

सध्या माझ्या अंगावर नावाड्याचा डगला आहे. थोरलीने हुक आणून बसवले, गळा मिटतो. धाकटी तो घालून बसणार आहे आणि मग नाव पाण्यात लोटणार आहे. वाटेत वादळ आहे. ते मला माहीत आहे, नावाड्याला नाही. आणि मी सांगणार नाही. नियम तिचा आहे.