डाव्या हाताची मूठ

मित्रांनो, गोष्टींतली पिस्तुलं धूर काढतात आणि माणसं पाडतात. असल्या आरडाओरडा करणाऱ्या पिस्तुलांना मी नात्यात धरत नाही. मी हवेच्या दाबावर छर्रा सोडणारं, नेमबाजीचं एक जुनं पिस्तूल आहे. जन्मभर मी फक्त कागदाला भोकं पाडली. तेवढंच काम, पण चोख केलं.

मी घडलो तेव्हा मला अक्रोडाची देखणी मूठ बसवली होती. ती उजव्या हातासाठी कोरलेली होती. तळव्याला टेकू, अंगठ्याला खोबण, सगळं मापात. तिथून मी एका नेमबाजी क्लबात आलो. क्लब कसला, पत्र्याचं लांबलचक गोदाम! चांगलं पिस्तूल असं मी एकटाच होतो. म्हणून तिथे नियम होता की वर्षाच्या चाचणीत जो पहिला येईल, त्याने मला पुढच्या चाचणीपर्यंत वापरायचं.

बरीच वर्षं मी एका सुतारकाम करणाऱ्या बाईकडे होतो. क्लबात तिला सगळे 'रंधा' म्हणत, कारण ती बोलायला लागली की समोरच्याची सालं निघत. घरी ती स्वयंपाकघरातल्या कोऱ्या भिंतीसमोर उभी राहायची आणि छर्रा न घालताच सावकाश चाप दाबायची. आवाजाची हौस असलेल्यांना हा सराव कळत नाही. तिची थोरली बहीण भाजी चिरता चिरता विचारायची, "मेली का गं भिंत?"

मग कारखान्यात करवतीने तिची उजवी तर्जनी कापली. बोट वाचलं, पण ताठ झालं. चाप दाबणारं बोट नेमकं तेच.

क्लबाचे चिटणीस फळं घेऊन आले. सोबत त्यांचा मेहुणा होता. हा मेहुणा चाप असा ओढतो, जणू अडकलेला दरवाजा उघडतोय. तरी नेमबाज म्हणवतो! चिटणीस म्हणाले, "आता आराम करा हो. खूप केलंत." बोलत होते तिच्याशी, आणि डोळे माझ्यावर. मेहुण्याने तर मला उचलून हातात तोललंही.

"चाचणीपर्यंत ते माझ्याकडे आहे," रंधा म्हणाली. "फळं ठेवा आणि निघा."

आधी तिने मधल्या बोटाने चाप दाबून पाहिला. ताठ तर्जनी मला बाजूने ढकलायची. मग तिने मला डाव्या हातात घेतलं. पण उजव्या हाताची मूठ डाव्या हातात म्हणजे उलट्या पायातली चप्पल. शेवटी तिने लाकडाचा एक तुकडा घेतला आणि डाव्या हातानेच डाव्या हातासाठी मूठ कोरली. इतकी ओबडधोबड, की मला लाज वाटली. तशातच पुन्हा ती भिंत. हळूहळू तो अडाणी हात स्थिर झाला.

घरी स्थिर, पण क्लबात छर्रे कुठेही! मेहुणा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा, "डाव्या हाताने धड सही येत नाही, आणि म्हणे नेम!" चिटणीस तिला शिकवायला उभे राहत. बघत मात्र फक्त त्या ताठ बोटाकडे. ज्या बोटाचा आता काही संबंधच नव्हता, त्याच्याकडे! मला खरं कारण दिसत होतं. पण लोखंडाला विचारतो कोण?

चाचणीच्या दिवशी बहीण सोबत आली. मेहुण्याचा नेम मारून झाला होता. तो पहिला होता आणि पेढे मिळाल्यासारखा हसत होता. रंधाचे सरावाचे छर्रे भरकटले, तशी बहीण मागून म्हणाली, "अगं, घरी तर ताठ उभी राहतेस. इथे मान का वाकडी करतेस?"

रंधा थांबली. तिने कपाळाला हात लावला. नेमबाज कपाळपट्टीला झापड लावून एक डोळा झाकतात. तिची झापड वर्षानुवर्षं डाव्या डोळ्यावर होती. हात बदलला, मूठ बदलली, झापड तिथेच! घरी भिंतीसमोर ती पट्टी लावत नसे. क्लबात मात्र सवयीने चढवायची आणि डाव्या हातातल्या मला उजव्या डोळ्याने बघायला मान वाकडी करायची. ती स्वतःलाच एक शब्द म्हणाली, तो मी मुलांसमोर सांगणार नाही. मग तिने झापड उजव्या डोळ्यावर सरकवली.

छर्रे पूर्वीसारखे लागले नाहीत, काही बाहेर गेले. पण मेहुण्याच्या वर जायला ते पुरले. त्यासाठी फार लागतही नव्हतं.

"मूठ बदलणं नियमात बसतं का?" मेहुण्याने चिडून मला उजव्या हातात घेतलं. तळव्याचा टेकू त्याच्या बोटांत रुतला.

"रुततंय ना?" रंधा म्हणाली. "असंच होतं. ठेवा खाली."

त्याने ठेवलं. नियम वाचायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. अक्रोडाची देखणी मूठ आता त्या स्वयंपाकघराच्या दाराखाली, ते वाऱ्याने आपटू नये म्हणून, सरकवलेली आहे, आणि मला तिची आठवण येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना कोरड्या फडक्याने पुसत जा, अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि कुणाचा हात दुखावला, तर आता त्या हाताला काय जमेल ते विचारा. त्या हातातल्या वस्तूवर डोळा ठेवून फळं घेऊन जाऊ नका. दुखावलेला माणूस कदाचित भिडेपोटी गप्प बसेल, पण वस्तूला सगळं कळतं.