आप्पाजींच्या भविष्याची कॅसेट

मी व्हिडिओ कॅसेट. बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या एका घरात, भिंतीतल्या कपाटात, जुन्या झबल्यांच्या गठ्ठ्याखाली माझं अर्धं आयुष्य गेलं. इतकी वर्षं गप्प बसल्यामुळे आता एकदा सुटले की थांबत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

तशी मी कारखान्यात जन्मले, पण कोऱ्या कॅसेटचं जगणं ते काय जगणं. मी खरी जन्मले पवित्राच्या बारशाला, एकोणीसशे शहाण्णव साली. बायका पाळण्याभोवती गात होत्या आणि कॅमेरावाला मला कॅमेऱ्याच्या पोटात घालून पाहुण्यांतून फिरत होता. फिरता फिरता तो मुलीच्या आजोबांपुढे थांबला. त्यांना सगळे आप्पाजी म्हणतात. सिटी बसचे कंडक्टर, त्यामुळे आवाज असा खणखणीत की पाळण्यातली पोर दचकायची. कॅमेरावाल्यानं विचारलं, नात मोठी होईल तेव्हा बेंगळूर कसं असेल? झालं, आप्पाजींची गाडी सुटली.

म्हणाले, फोन शर्टाच्या खिशात मावेल आणि त्यात समोरच्याचं तोंड दिसेल. भाजीवाली सुटे मागणार नाही, फोनवरच पैसे घेईल. आगगाडी आपल्या डोक्यावरून जाईल. मारतहळ्ळीच्या शेतांत काचेच्या इमारती होतील आणि पुण्या-मुंबईची पोरं तिथं नोकरीला येतील. पाहुणे पोट धरून हसले. त्यांचं ते सगळं हसू माझ्यात भरलेलं आहे.

पुढे माझ्यावरून एक सीडी काढली गेली, घरातला व्हीसीआर भंगारात गेला आणि मी झबल्यांखाली. पण त्या कपाटाचं दार कधीच नीट लागलं नाही, त्यामुळे घरातलं सगळं माझ्या कानावर यायचं.

यंदा आप्पाजींच्या वाढदिवसाला पवित्राच्या भावानं, अजिंक्यनं, ती सीडी शोधून काढली. तिच्यावर चरे पडलेले. काचेच्या इमारतींपर्यंत आली आणि अडकली. चालला तेवढा तुकडा अजिंक्यनं फोनवर घेऊन नातेवाइकांना पाठवला, आणि आठवड्याभरात तो गावभर झाला. अनोळखी माणसं आप्पाजींना रस्त्यात वाकून नमस्कार करू लागली. एक जण लेकीचं लग्न कधी जमेल विचारायला आला, दुसरा फ्लॅट कुठल्या भागात घेऊ म्हणून. आप्पाजी सगळ्यांना कानडीत 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणत आणि कॉफी पाजून वाटेला लावत. घरात नुसती धमाल चालली होती.

मग वारं फिरलं. लोक म्हणू लागले, हे बनावट आहे, कंप्यूटरनं केलेलं आहे, म्हातारासुद्धा खरा नसेल. आधी घरचे त्यावरही हसले. पण वर्षभरापासून आप्पाजींना गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या. एका दुपारी ते बायकोला, अंबूबाईंना, म्हणाले, "लोक म्हणतात तसंच असेल गं. कंप्यूटरनं माझं तोंड हलवलं असेल. मी कुठला असं बोलायला?"

अंबूबाई पावटे सोलत होत्या, त्यांचा हात थांबला. माझी तर फीत आकसली. बाहेरच्यांनी खोटं म्हटलं तर म्हणू दे, पण आपल्याच आयुष्यातून माणूस असा निघून जायला लागला तर काय करायचं?

पवित्रा महादेवपुऱ्यात नोकरी करते. तिच्याच ऑफिसातल्या वेदांतनं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यावर पोट असलेल्या एका पुणेकरानं, ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं होतं की हा व्हिडिओ शंभर टक्के फेक आहे. म्हातारा कुणाचा आजोबा, हे त्याला कुठलं ठाऊक? पवित्रानं ते सांगितलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. ती म्हणाली, मूळ कॅसेट घरी आहे, रविवारी ये आणि तपास.

तो आला. समोरच्या घरातल्या माळ्यावरून व्हीसीआर आणला गेला. पवित्रानं मला पुसून आत सारलं आणि काय सांगू, माझी चाकं फिरली! इतक्या वर्षांनी अंगभर गुदगुल्या झाल्या, चक्कर आली, आणि पडद्यावर मी पाळणा हलवला.

वेदांत चटईवर मांडी घालून बसला होता. तो म्हणाला, "सॉरी आजोबा, पण कोपऱ्यातली तारीख कोणीही टाकू शकतं. जुन्या कॅसेटवर नवा व्हिडिओपण भरता येतो. आणि मेन म्हणजे, तुमचं सगळंच्या सगळं बरोबर आलंय. इतकं बरोबर कोणाचंच येत नाही."

मला संताप आला, पण त्याचा शेवटचा मुद्दा मला खोडता येईना. मी आपली फिरत राहिले. काचेच्या इमारती गेल्या. सीडी जिथे अडकायची ती जागा गेली. पडद्यावरचे आप्पाजी पुढे बोलू लागले, "आणि वाहतूक इतकी सुरळीत होईल की चौकातले पोलीस कॅरम खेळत बसतील."

मारतहळ्ळीहून इथवर यायला वेदांतची अख्खी सकाळ गेली होती. तो एकदम फुटला आणि हसत हसत चटईवर आडवा झाला. पुढे तर कहरच. बसमध्ये प्रत्येकाला खिडकीची जागा मिळेल. डोशाची गोळी निघेल. टक्कल म्हणजे काय ते पोरांना चित्रात दाखवावं लागेल. आप्पाजींनी हळूच आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. आणि ही पाळण्यातली पोर ऑलिंपिकला धावेल. दोन जिने चढले की धापा टाकणारी पवित्रा हसून हसून डोळे पुसत होती.

तेवढ्यात पडद्यावर तेव्हाच्या अंबूबाई आल्या. "अहो, पानं वाढलीत. भविष्य जेवून सांगा."

"पुढे नवरेच स्वयंपाक करतील," पडद्यावरचे आप्पाजी म्हणाले आणि दम घ्यायला थांबले. तेव्हा समोर खुर्चीत बसलेले आप्पाजी बोलले, "आणि मी चंद्रावर पळून गेलेला असेन."

लगेच पडद्यावरूनही तेच वाक्य आलं, शब्दाला शब्द.

अंबूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आप्पाजी म्हणाले, "मीच बोललो होतो की गं हे. तू त्या दिवशी मला जिलेबी वाढली नव्हतीस, रागावून."

ती जिलेबी माझ्यातही नाही. ती त्यांची त्यांनाच आठवली.

वेदांत उठून बसला. म्हणाला, खोटं बनवणारा माणूस वाहतुकीबद्दल असं म्हणायची हिंमतच करणार नाही. त्यानं मला पहिल्यापासून फोनवर उतरवून घेतलं आणि ग्रुपवर लिहिलं की व्हिडिओ अस्सल आहे, भविष्यं मात्र भगवान भरोसे. आता फ्लॅटचं विचारायला कुणी येत नाही, आणि येतात ते हसायला येतात.

त्या आनंदात व्हीसीआरनं माझं शेपूट चावलं. शेपटाकडचा भाग कोराच होता म्हणून कुणाला वाईट वाटलं नाही. आप्पाजींनी तो कापला आणि पोपट हाकलायला गच्चीतल्या पेरूच्या कुंडीभोवती बांधला. वारा आला की मी तिथं चमचमते आणि गुणगुणते. पोपट घाबरून पळतात. एक साळुंकी मात्र रोज जवळ येते, मान वाकडी करून मला नीट निरखते आणि खुशाल माझ्यावरच बसते.

तुमच्याही घरी कुठं एखादी माझ्यासारखी पडली असेल, तर तिला शेवटपर्यंत फिरवा हो. निम्म्यात बंद करू नका. बरंय, वारा सुटलाय, मला कामाला लागायचंय.