कडी आतल्या बाजूला

मी मागचा दरवाजा बोलतोय. इंग्लंडातल्या किडरमिन्स्टर गावच्या एका सुतारानं मला ओकच्या जाड फळ्यांतून घडवलं. मेविसबाई लग्न होऊन या घरात आल्या, त्या वर्षी त्यांनीच मला हिरवा रंग दिला. माझी कडी स्वयंपाकघराच्या बाजूला. वारा, पाऊस, चोर बाहेर ठेवायचे, एवढंच माझं काम. चाळीस वर्षं ते चोख केलं.

मेविसबाईंचा नवरा वारल्यावर मुलगा कीथ आणि सून डेनीज राहायला आले. माझ्या बाहेर, बागेकडे, त्यांनी काचेची खोली काढायचं ठरवलं. डेनीजला मी अडगळ वाटायचो. पण नगरपालिकेचा माणूस म्हणाला, मध्ये दरवाजा ठेवा, घराचं हीटिंग पलीकडे नेऊ नका, म्हणजे परवानगी लागणार नाही. नाहीतर रीतसर अर्ज करा. अर्जाचा कंटाळा, म्हणून मी राहिलो.

ऑक्टोबरात मेविसबाईंची खाट काचेच्या खोलीत गेली. त्यांची खोली डेनीजला शिवणकामाला हवी होती. विजेचा एक छोटा हीटर दिला होता, तोही काचांना घाम येतो म्हणून तिनं उचलून नेला.

मेविसबाई माझ्यावर टकटक करायच्या. पलीकडून कीथ चहा ढवळत सांगायचा, "आई, दार बंदच ठेवायचं असतं. तसा नियमच आहे."

नियम माझ्या असण्याचा होता, बंद असण्याचा नव्हता. पण मला कोण विचारतो?

शेजारच्या प्यूबाईंनी नगरपालिकेत तक्रार केली. तपासनीस आला. त्यानं माझी जाडी मोजली, काचा पाहिल्या. मेविसबाई खाटेवर ओव्हरकोट घालून बसल्या होत्या.

"साहेब, कडी त्यांच्या बाजूला आहे," त्या हळूच म्हणाल्या.

तो ओशाळला. "आजी, मी फक्त बांधकाम बघतो." कागदावर त्यानं लिहिलं: सर्व नियमाप्रमाणे.

जानेवारीतल्या एका सकाळी टकटक झाली नाही. कीथनं न्याहारी उरकली, मग कडी काढली.

वसंतात डेनीजनं अर्ज केला. सहा आठवड्यांत परवानगी आली. आता तिथं गरम फरशी आहे, जेवणाचं टेबल आहे, आणि मी कुंपणाशी पावसात पडलोय. खालच्या अंगाला माझा रंग उडालाय. शेवटी शेवटी मेविसबाईंना उभं राहवत नव्हतं, त्या खाली बसून ठोठावायच्या.

उद्या भंगारवाला येईल. माझी फळी कुणी दाराला वापरलीच, तर एवढं करा: कडी दोन्ही बाजूंना बसवा.