लाल रजई

मी उमेरा, ब्रह्मपुरीच्या पिंजाऱ्याची सून. माह्यासारखा टाका घालून दाखवा म्हनाव कोनी! पन लग्नाले सहा वर्सं झाली, पोर नाई. म्हनून सासूनं माह्या नवऱ्यासाठी, शहबाजसाठी, माजरी गावची पोरगी पाह्यली. आमच्या घरी नव्या नवरीची लाल रजई घरचीच बाई शिवते. म्हंजे माह्या सवतीची रजई मीच शिवायची. आहे का नाई मजा!

"शिवीन," म्हनलं, "पन आधी दवाखान्यात दाखवीन."

शहबाज आईपुढं तोंड उघडेना. जीव मात्र लावे. टाके घालून माही कंबर मोडे, तर रोज दुकान बंद करून दुखन्या-सुजेची गोळी आने, दुधासंगं स्वतःच्या हातानं देई.

दवाखान्यात सोनोग्राफीची मशीन तवा नवीच आली होती. डॉक्टरीणबाईनं दोन-तीनदा तपासलं. "अंडं वाढतं, पण फुटून बाहेरच येत नाही. रोज गोळीबिळी घेतेस का?"

मी सांगितली. बाईनं कपाळाले हात लावला.

"अगं, अंडं सुटायला तिथं थोडी सूज यावीच लागते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, वरची साल कुरतडतात, मग अंडं बाहेर पडतं. तू रोज सूजच मारतेस. सगळ्यांचं असं होत नाही, तुझं झालंय. गोळी बंद, कंबर शेक."

घरी येऊन गोळ्या शहबाजच्या पुढ्यात आपटल्या. "तुह्या लाडानंच घात केला ना रे येड्या!" तो रडाले लागला. मले राग आला, हसूही आलं.

सासू दारातच उभी. "मंग रजई?"

"गोळीबिगर मले वाकनं होत नाई, अम्मी. घाई असन तर तुमीच शिवा. ईदपर्यंत पोट नाई राह्यलं, तर मी स्वतः माजरीले जाऊन पोरगी आनीन."

बसली बाई शिवाले! टाके वाकडे, तोंड त्याहून वाकडं. मी बाजूले गरम विटेनं कंबर शेकत पाह्यत राह्यली. दुखे तर जीव जाये, पन गोळीले हात नाई लावला.

ईदच्या आधीच पाळी चुकली. मशीनवर बाईनं दाखवलं, ठिपका टुकटुक करून राह्यला होता.

घरी सांगितलं तवा सासू शेवटची कड घालून राह्यली होती. तिनं कैची मागितली आन् पुरी झालेली रजई मधातून कापली. कापूस बाहेर आला. मी धागा घ्याले वाकली, तर तिनं माहा हात धरला.

"बस तिथी. पोराची रजई मी शिवतो. तू वाकू नोको."