तिसऱ्या वळणाआधी

मिसागोने दुसरा घड कॅरिअरवर चढवला, तशी सायकलचं पुढचं चाक हवेत उचललं गेलं आणि सगळा डोलारा रस्त्याकडेच्या चरात आडवा झाला.

कुणी हललं नाही. निलगिरीच्या झाडांखाली जोडी-जोडीने काम चाललं होतं. एक जण हँडल छातीशी घट्ट धरून उभा आणि दुसरा मागे केळ्याचे घड रचून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळतो आहे. माणसापेक्षा जड भार, उतार खाली थेट तळ्याकाठच्या शहरापर्यंत. असा भार एकट्याने बांधता येत नाही, कुणाला तरी सायकल धरावीच लागते. त्यामुळे डोंगरावरच्या त्या थांब्यावर सकाळी भेटलं की लोक एकमेकांना 'कसं काय' विचारत नसत. 'धरू का?' असं विचारत.

मिसागोला हे विचारणं पावसाळ्यापासून बंद झालं होतं.

कान्यांगे म्हातारी पालथ्या टोपलीवर बसून घडांची वाळकी टोकं कापत होती. तिने मान वर केली नाही.

"घसरली वाटतं," ती कोयत्याला सांगितल्यासारखं म्हणाली.

"त्याचं सगळं आपोआपच घसरतं, आजी," बुतोयी म्हणाला. तो या सायकलवाल्यांमधला सगळ्यांत थोरला. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे त्याचं हसणं लांबूनही कळायचं. "सायकल घसरते, हात घसरतो. बिचारा स्वतः काही करत नाही."

सगळे हसले. मिसागो चरात उतरला आणि घड एकेक करून वर काढू लागला.

इतके दिवस त्याची बायको चिझा त्याची सायकल धरायला येत होती. दोन जिवांची बाई. पोटाला हँडल लागू नये म्हणून अंग तिरकं करून, दात आवळून उभी राहायची. आता तिचे दिवस भरत आले होते, त्यामुळे आठवडाभर तीही आली नव्हती. चिझाला तसं उभं बघून आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे कान्यांगेच्या लक्षात आलं होतं. पण वाटलं काहीच नव्हतं. ती तेव्हाही केळीची टोकंच कापत राहिली होती.

घडलं ते असं. शहरात केळी टाकून झाली की रिकाम्या सायकली घेऊन परतताना सगळे चढावर ट्रकला लटकायचे. एक हात हँडलवर, दुसरा ट्रकच्या मागच्या लोखंडी दांड्यावर. त्या काळी ट्रक जुने, धूर ओकत रांगत चढणारे, आणि ड्रायव्हरही आरशात बघून न बघितल्यासारखं करायचे. दांड्यावर जागा मात्र मोजकीच. कान्यांगेचा नातू काबुरा त्या दुपारी दांड्याला धरून येत होता. मागून दमलेला मिसागो आला. काबुराचं म्हणणं, मिसागोने त्याची बोटं उचकटून काढली आणि स्वतःचा हात तिथे घातला. मिसागोचं म्हणणं, दांडा धरायला गेलो आणि हात घसरून त्याच्या हातावर पडला. काबुरा कडेच्या दगडी कठड्यावर आपटला. नडगी मोडली, गुडघा फुटला.

बोटं उचकटली की हात घसरला, हे त्या दोघांनाच ठाऊक. पण मिसागोने ट्रक सोडला नव्हता. मागे वळून बघितलं, आणि तसाच लटकून माथ्यापर्यंत गेला. हे त्यालाही नाकारता आलं नाही.

काबुराला सायकलवाल्यांनीच झोळीत घालून दवाखान्यात नेलं आणि झोळीतूनच परत आणलं. पुढचे महिने त्यांनी त्या घराला कमी पडू दिलं नाही. कान्यांगेच्या बागेतले घड रोज कुणा ना कुणाच्या सायकलवर चढून शहरात जायचे. संध्याकाळी तिच्या अंगणात केळ्याच्या दारूचं मडकं मधे ठेवून सगळे लांब नळ्यांनी पीत बसायचे आणि एक नळी काबुराच्या चटईपर्यंत पोचवायचे. प्लास्टर निघाल्यावर बुतोयीने बांबूची चौकट ठोकून काबुराची सायकल तिच्यात अधांतरी उभी केली. काबुरा तिच्यावर बसून जागच्या जागी पायडल मारायचा, वेदनेने ओरडायचा, आणि बाकीचे "अरे, ट्रक आला, बाजूला हो!" म्हणून त्याला चिडवायचे. तोही शिव्या देत हसायचा.

मिसागोही एकदा आला होता. डोक्यावर दारूचं मडकं, अंगात धुतलेला सदरा. कान्यांगेने मडकं रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी घेतलं. अंगणाच्या तोंडाशी नेऊन पालथं केलं. शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबली आणि रिकामं मडकं पुन्हा दोन्ही हातांनी त्याला दिलं.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर येऊन तिने एवढंच सांगितलं, "ज्याने मिसागोची सायकल धरली, त्याने माझ्या अंगणात येऊ नये."

तिला वाटलं होतं, कुणीतरी वाद घालेल. कुणी घातला नाही. तेव्हापासून ती रोज सकाळी थांब्यावर येऊन बसू लागली. टोकं कापणं हे निमित्त. मिसागोचा भार कसा कमी होत जातो ते तिला बघायचं होतं. आधी पाच घड, मग तीन, मग दोन. चिझा नसली की कधी तो दुबेळक्या फांदीचा टेकू लावून बघायचा, कधी सायकल झाडाला बांधून. गडी वाळत चालला. कान्यांगेला त्या दिवसांत झोप छान लागत होती.

"आला, आला! ट्रक आला!" कुणीतरी ओरडलं.

पायवाटेवरून काबुरा सायकल हातात धरून उतरत होता. लंगडत होता, पण काठीशिवाय. त्याच्या कॅरिअरवर एकच घड होता, तोही घरीच आजीने धरून बांधलेला. सगळे त्याच्याभोवती जमले. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी गुडघा दाबून बघितला.

"नवरदेवासारखा एक घड घेऊन आलास रे," बुतोयी म्हणाला. "पोरी बघतील तर लाज वाटेल. थांब, अजून दोन बांधतो."

"आज एवढाच, दादा. ब्रेक म्हणून पाय घासायचा तर हाच पाय आहे. अजून भरवसा नाही."

"मग कुणाच्या तरी मागे राहा. जड भाराच्या मागे. गाड्या त्याला बघून बाजू देतात."

काबुराने मान डोलावली. त्याची नजर गर्दीवरून पलीकडे गेली. मिसागो चरातून काढलेली सायकल एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने घड उचलायचा खटाटोप करत होता. घड उचलला की सायकल झुकायची, सायकल सावरली की घड सुटायचा.

काबुराने आपली सायकल झाडाला टेकवली आणि रस्ता ओलांडून तिकडे गेला.

"धरू का?" तो म्हणाला.

मिसागो उभाच राहिला.

"बहिरा झालास काय? आण हँडल इकडे."

"काबुरा!" कान्यांगे टोपलीवरून उठली. "काय करतोस तू?"

"आजी, मी याला माफ वगैरे करत नाही," काबुरा मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पण रोज सकाळी याचं हे धडपडणं मला बघायचं नाही. मी पडलो होतो तेव्हा मीही असाच दिसत असणार. बांध रे लवकर. तुझं थोबाड इतक्या जवळून बघायची हौस नाही मला."

कुणीतरी खुदकन हसलं. मिसागो बांधू लागला, पण पट्टी पुन्हा पुन्हा त्याच्या हातून निसटत होती. शेवटी काबुराने बुतोयीला हाक मारली, हँडल त्याच्याकडे दिलं आणि स्वतः मागे जाऊन पट्ट्या आवळल्या. बाकीच्यांनी शेजारचे घड उचलून दिले. बघता बघता पाच घड चढले. महिनोन्‌महिने एकट्याला न जमलेलं काम पाच माणसांनी पाण्याचा घोट घ्यावा तसं संपवलं.

कान्यांगे बघत होती. ती दारातलं मडकं रोज मनातल्या मनात पालथं करत आली होती, आणि हे पोरगं सगळ्यांसमोर ते भरून देत होतं.

सगळे आपापल्या सायकलींकडे वळले. मिसागो हँडल धरून उभा, काबुरा आपली सायकल आणायला गेलेला. कान्यांगे खाली पडलेली दोन-चार केळी वेचायला वाकली. वाकलेलीच मिसागोच्या कॅरिअरमागे गेली.

तिच्या तरुणपणी इथली केळी बायका-पुरुषांच्या डोक्यावरून तळ्याकडे जायची. या डोंगरावर पहिली सायकल आणली ती तिच्या नवऱ्याने, आणि ती धरायला उभी राहायची ती हीच. ट्यूबची पट्टी कशी बसते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वेढे कितीही घट्ट असोत, शेवटचं टोक दोन वेढ्यांखाली खुपसलेलं असतं, सगळं त्यावर. ते बाहेर असलं तरी उभ्या सायकलवर भार हलत नाही. पहिल्या वळणावर नाही, दुसऱ्यावरही नाही. तिसऱ्या वळणाआधी रस्ता उखडलेला आहे, तिथे दणके बसतात.

तिने अंगठ्याने टोक बाहेर ओढलं. केळी ओच्यात घेतली आणि सरळ झाली.

कुणी बघितलं नव्हतं. मिसागोने मान फिरवून चिझाच्या नावाने काहीतरी पुटपुटत डोळे पुसले. 'पूस,' कान्यांगे मनात म्हणाली. 'चांगले पूस. रस्ता नीट दिसू दे.'

रांग लागली. बुतोयी सगळ्यांत पुढे, मग एकेक जण. मिसागो सायकल ढकलत रस्त्यावर आला. आणि काबुरा आपली सायकल घेऊन त्याच्या अगदी पाठीमागे येऊन उभा राहिला.

"तू चल पुढे," तो मिसागोला म्हणाला. "सगळ्यांत जड तूच आहेस आज. मी तुझ्या मागे राहतो. चाकाला चाक लावून. मला मागे टाकून गेलास तर बघ."

"नाही जाणार," मिसागो म्हणाला. "या वेळी नाही."

कान्यांगेच्या ओच्यातून केळी सांडली.

बुतोयीने शीळ घातली. पुढच्या सायकली सुटल्या. मिसागोने एक पाय पायडलवर ठेवला. भार हलला, सायकल दोन हात पुढे सरकली.

"थांब!"

एवढ्या मोठ्याने ती कित्येक वर्षांत ओरडली नव्हती. तिने धावत जाऊन मिसागोचं कॅरिअर मागून दोन्ही हातांनी पकडलं. भाराने तिला दोन पावलं ओढत नेलं, मग मिसागोने पाय टेकले. घड तिच्या खांद्यावर रेलले.

पुढचे सगळे मागे वळून बघू लागले.

"अरे, बघा बघा," कुणीतरी ओरडलं. "आजीने मिसागोची सायकल धरली! आता आजीच अंगणाबाहेर!"

हशा पिकला. बुतोयी सगळ्यांत मोठ्याने हसत होता. कान्यांगेने त्याला हसू दिलं.

"आजी, सोड," काबुरा म्हणाला. "काय झालं?"

"गाठ सुटलीय."

"अगं, मी स्वतः आवळली होती. टोक आत घातलं होतं."

"सुटलीय म्हणते ना मी. बांध पुन्हा."

काबुरा सायकल आडवी टाकून पुढे आला, पण त्याआधी मिसागो खाली उतरला होता. त्याने वाकून बघितलं. पट्टीचं टोक बाहेर लोंबत होतं. तो त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिला, मग खांद्यावर घड पेलून उभ्या असलेल्या म्हातारीकडे.

"आत घातलेलं टोक आपोआप सुटत नाही, आजी," तो हळूच म्हणाला. फक्त तिलाच ऐकू जाईल इतकं.

"नाही सुटत," कान्यांगे म्हणाली.

त्याने पट्टी पुन्हा ताणली, टोक दोन वेढ्यांखाली खुपसलं आणि तळहाताने दाबलं. मागून काबुराने येऊन तपासलं.

"आता ठीक आहे," काबुरा म्हणाला. "सोड आजी, चलतो आम्ही. चल रे, हो पुढे."

पण तिने कॅरिअर सोडलं नाही. टोक कुणी ओढलं हे मिसागोला आता ठाऊक होतं, आणि उतारावर नातू त्याच्या जवळपास नको होता. तिच्या हातांच्या शिरा तटतटून वर आल्या होत्या.

"तू आधी जा," ती नातवाला म्हणाली. "बुतोयीच्या मागे लाग."

"अगं, पण जड भाराच्या मागे..."

"जा म्हणते ना."

काबुराने खांदे उडवले, सायकल उचलली आणि लंगडा पाय जपत उतारावर सोडली. पहिल्या वळणाशी त्याने हात वर केला, मागे न बघता. मग तो निलगिरींआड गेला.

मिसागो हँडल धरून उभा होता. म्हातारी मागे, भार खांद्यावर घेऊन.

"जाऊ?" त्याने विचारलं.

"अजून नाही," कान्यांगे म्हणाली. "तो दुसरं वळण उतरू दे."