चेहऱ्यावरचा उजेड

भूमच्या फोटो स्टुडिओत मथुराबाई आल्या तसा फोटोग्राफर प्रेमानंद खुर्चीतून उठला. त्यांची लेक क्षमा नर्स म्हणून नोकरीला लागली, त्या दिवशी बुद्ध विहारासमोर त्यानंच तिचा फोटो काढला होता. महिन्याभरात ती तापानं गेली.

"तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तोच फोटो मोठा करून पायजे," त्या म्हणाल्या.

प्रेमानंदनं कॉम्प्युटरवर फोटो उघडला. क्षमाच्या हातातली नोकरीची ऑर्डर स्वच्छ दिसत होती, चेहऱ्यावर मात्र पांढरट धुकं पसरलं होतं.

"काकू, चूक माझी हाय. लेन्सच्या काचेवर एक पातळ थर असतो, उजेड आतल्या आत आपटत फिरू नये म्हणून. बुरशीचा डाग काढायला म्या काच टूथपेस्टनं घासली आन् थरच गेला. सूर्य तिच्या पाठीमागं होता. सगळा उजेड काचेत आपटून फोटोत तिच्या तोंडावर आला. फोटो बघून ती म्हणली होती, पहिला पगार झाला की परत काढू."

"मग आता?"

"दुसऱ्या फोटोतलं तोंड बसवून देतो."

मथुराबाईंनी मानेनंच नको म्हटलं. "त्या दिवशी लई हसत हुती ती. ते हसू दुसऱ्या फोटोत कुठनं येणार? हाय तसाच द्या."

कार्यक्रमात प्रेमानंद सगळ्यांच्या मागं बसला. पुढून कुणीतरी विचारलं, "असला फोटो कुणी काढला?"

प्रेमानंद उठून उभा राहिला.

"म्या काढला," तो म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.