ईशान्येचा कोपरा

मला एका जागी बसवत नाही, हे आळेफाट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार भरायचं, रिवाइंडिंगचं दुकान माझं. तारेचे वेढे मोजता मोजता मी मध्येच उठतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजत बसतो. वय चौतीस, नाव पप्पू, आणि अकरा स्थळांचे नकार. अकरावा आला त्या दिवशी तर मी एका गिऱ्हाइकाची चांगली चालू मोटार खोलून ठेवली होती.

म्हणून वास्तुवाल्याला बोलावलं. आळ्याच्या मळ्यात आमचं घर, चहूकडे ऊस, घरात मी आणि आई. मोबाईलवरचं होकायंत्र धरून तो खोल्याखोल्यांतून फिरला आणि आईच्या खोलीला लागून असलेल्या संडासापाशी थांबला.

"ही ईशान्य. देवाची दिशा," तो म्हणाला. "इथं देवघर पाहिजे, आणि तुम्ही हे काय करून ठेवलंय? मंगलकार्य होणार कसं या घरात?"

तो संडास मीच दोन वर्षांपूर्वी बांधून घेतला होता, आईचे गुडघे गेले तेव्हा. खाटेपासून चार पावलं, उंच कमोड, आणि उठताना धरायला भिंतीत स्टीलचा दांडा. दांडा बसवला त्या दिवशी आईनं शेजारच्या बायडाबाईला मुद्दाम बोलावून दाखवला होता.

"वायव्येला हलवा," वास्तुवाला म्हणाला. आमची वायव्य म्हणजे अंगणाचं टोक, थेट उसाला लागून. त्याच उसातून येऊन बिबट्यानं मागच्या महिन्यात बायडाबाईचं कुत्रं नेलं होतं.

मी आईकडे पाहिलं. खरं सांगतो, तिनं नाही म्हणावं असंही वाटत होतं आणि म्हणू नये असंही.

"पाड बाबा," आई म्हणाली. "माझ्या गुडघ्यापायी तुझं लगीन अडाया नको."

भागू गवंडी घण घेऊन आला, पण हात उचलेना. "म्हातारीचा तरी इचार कर, राव."

"तुझं लग्न झालंय, तुला काय जातंय बोलायला?" मी खेकसलो. मग त्यानं घण घातला.

दहा दिवसांत ईशान्येला देवघर झालं, बाहेर नवा संडास झाला. वर बल्ब लावला. आईला बजावलं, अंधार पडला की एकटी जायचं नाही. मी दुकानात असलो तर फोन कर, झोपलो असलो तर उठव. तिनं एकदाही फोन केला नाही, एकदाही उठवलं नाही. मी समजलो, सगळं सुरळीत चाललंय. तसं समजणं मला सोयीचं होतं.

आणि पुढच्याच आठवड्यात बारावं स्थळ आलं! ओतूरची अश्विनी, तिथल्या एका दवाखान्यात नर्स. मी वास्तुवाल्याला फोन करून पेढे कबूल केले.

रविवारी चारच्या सुमाराला अश्विनी आणि तिचे वडील, चिमाजी, घर बघायला आले. मी आत-बाहेर, आत-बाहेर.

"पावणं, बसा की जरा," चिमाजी म्हणाले. "आमी काय पळून चाललो न्हाई."

आईनं चहा दिला, स्वतः घेतला नाही. कप गोळा करून उठली आणि झोक जाऊन भिंतीला टेकली. अश्विनीनं झटकन उठून तिला धरलं, खाली बसवलं, जीभ बघितली.

"मावशी, आज पाणी किती प्यायलात?"

"प्याले की सकाळी."

"आणि नंतर?"

आई माझ्याकडे बघेना. "बारानंतर न्हाई पीत मी. प्यालं की जावं लागतं. अंधारात तिकडं जायाला जीव धजत न्हाई, आन् दमल्याल्या पोराला किती येळा उठवायचं?"

"संडास पहिल्यापासून बाहेरच आहे?" अश्विनीनं विचारलं.

आईनं देवघराकडे बोट केलं. मग घाईघाईनं म्हणाली, "तुमी मनात काय आणू नका बरं का. पोरगा लई चांगलाय माझा."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

चिमाजींनी टोपी सारखी केली. "बरं, संध्याकाळी कळवतो." हे वाक्य मी बाराव्यांदा ऐकत होतो.

त्यांची गाडी गेली आणि मी आईवरच ओरडलो. "मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू परत आत बांधून घेतलं असतं," ती म्हणाली. "मंग लगीन कसं व्हनार व्हतं?"

मी भागूला फोन लावला. "उद्या ये. पहिलं होतं तसं करायचंय."

"आन् देव?"

"देव बाहेरच्या खोलीत राहतील. त्यांचे गुडघे धड आहेत."

वास्तुवाला खोटा, असं मी म्हणत नाही. मला त्यातलं काय कळतंय? पण घरातला तो दांडा कुठं गेला म्हणून मी फोडलेल्या विटांच्या ढिगात हात घालून शोधत बसलो. आईनं दारातून पाहिलं, आत गेली, आणि खाटेमागून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला दांडा घेऊन आली. धुऊन पुसून ठेवला होता.

"टाकवंना मला," ती म्हणाली.

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी पाण्याचा तांब्या भरून आणला. दिवस मावळत आला होता.

"आता नगं रं, अंधार व्हईल."

"पी. मी बॅटरी घेऊन येतो बरोबर. रात्री कितीदा उठावं लागलं तरी येतो."

तिनं तांब्या तोंडाला लावला आणि माझा फोन वाजला. चिमाजी. आईनं तांब्या खाली घेतला. "घे की! ओतूरचा आसंल!"

"आधी पाणी."

ती प्यायला लागली, डोळे फोनवर. फोन वाजून वाजून थांबला. तांब्यात अजून दोन घोट होते. तेही तिला प्यायला लावले आणि मग बॅटरी घेऊन संडासाकडं तिच्यापुढं निघालो.